दाजी आणि पाण्यापलीकडचे दिवे

सबंध हैदराबादेत सरळ रेषेवर विश्वास नसलेला एकच माणूस आहे आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला सांगून आला. माझे दाजी कुठलीही गोष्ट सरळ करत नाहीत. कुकटपल्लीहून आबिड्सला जायला दुनियेला जो रस्ता लागतो तो त्यांना चालत नाही, ते आधी उलट्या दिशेला जातात, कारण "तिकडून सिग्नल कमी लागतात." घरातलं घड्याळ त्यांनी तिरपं लावलंय, कारण त्यांच्या आरामखुर्चीतून ते तसंच सरळ दिसतं, पाहुण्यांना वेळ बघायची असेल तर त्यांनी मान वाकडी करावी. "तब्येत कशी आहे?" असं कुणी विचारलं की उत्तर ते चौथीत असताना आलेल्या गोवरापासून सुरू होतं आणि आजच्या सर्दीपर्यंत पोचेतो विचारणाऱ्याचा चहा गार होतो. अक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, मी एकदा म्हटलं, "तू सहन कसं करतेस गं?" ती म्हणाली, "मी मधे झोपून घेते. उठते तेव्हा ते सर्दीपर्यंत आलेले असतात."

मी पडले नेमकी उलट. चिक्कडपल्लीतल्या माझ्या घरात फ्रिजवर किराण्याची यादी असते, कपाटाच्या दाराला आतून चादरींची यादी असते आणि या याद्या कुठे कुठे आहेत त्याचीही एक यादी असते. माझ्या मिस्टरांनी एकदा माझ्या वहीत गुपचूप "नवऱ्याशी गोड बोलणे" असं लिहून ठेवलं होतं. मी ते इस्त्रीच्या कपड्यांच्या वर घेतलं आणि संध्याकाळी त्यावर बरोबरची खूण केली. हा किस्सा दाजी येईल त्या पाहुण्याला सांगतात, अर्थात गोवरापासून सुरुवात करून. मला ते "तहसीलदारबाई" म्हणतात. मेहुणीची थट्टा करणं हा आमच्या मराठवाड्याकडच्या लोकांत दाजींचा हक्कच असतो, पण माझे दाजी तो हक्क पेन्शनसारखा दर महिन्याला वसूल करतात.

आबिड्सच्या एका गल्लीत त्यांचं दिव्यांचं दुकान होतं. बल्ब, ट्यूब, झुंबरं, देवघरातल्या माळा. गिऱ्हाईक साधा बल्ब मागायला आलं की दाजी विचारत, "लावणार कुठं? त्याच्याखाली बसणार कोण? भिंतीला रंग कोणता?" एक माणूस झिरोचा बल्ब घ्यायला आला आणि अर्धा तास झिरोच्या उजेडात लहान मुलांना भीती का वाटते हे ऐकून बल्ब न घेताच गेला. दुकान चाललं ते गल्ल्यावर अक्का बसायची म्हणून. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी दुकान सोडलं, पण दिव्यांनी काही त्यांना सोडलं नाही. संध्याकाळी कॉलनीत फिरताना वर बघून ते सांगतात, "तिसऱ्या मजल्यावरची ट्यूब जायला आलीय." नुसतं सांगून थांबले असते तरी चाललं असतं. ते जिने चढून त्या घराची बेल वाजवतात. एकदा दार उघडलं ते नव्याने लग्न झालेल्या एका मुलीने. "बेटा, परेशान नक्को होऊ, पण तुमचा हॉलमधला उजेड आजारी आहे," असं दाजी तिला म्हणाले. ती घाबरून सासूला फोन लावायला लागली. आठ दिवसांनी ट्यूब गेली आणि ती मुलगी अक्काकडे डब्यात पुलिहोरा, म्हणजे त्यांच्याकडचा चिंचेचा भात, घेऊन आली. तेव्हापासून दाजी आणखीच बेल वाजवायला लागले.

तर पाण्यापलीकडच्या दिव्यांचं असं झालं. सिंगूरच्या धरणाचा मोठा जलाशय आहे ना, मांजरेचा, त्याच्या अलीकडच्या काठाला दाजींच्या चुलतभावाचं शेत आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी दाजी तिथे गेले असताना त्यांना दिवेलागणीनंतर पाण्याच्या पार पलीकडे दिव्यांची एक ओळ दिसली. जिथे एरवी नुसतं काळं पाणी आणि काळं आभाळ असतं, तिथे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी काही नाही. गावातल्या लोकांनी आपापली कारणं सांगितली. कुणी म्हणालं कोळ्यांच्या होड्या, कुणी म्हणालं भुतांचे टेंभे, कुणी म्हणालं पाण्यात गेलेल्या देवळातली आरती. दाजींनी तिन्ही कारणं नाकारली. "भुताच्या हातात एलईडी कोण देणार?" असं त्यांचं म्हणणं होतं. हैदराबादला येऊन ते महिनाभर नातवंडांची सायन्सची पुस्तकं घेऊन बसले आणि मग त्यांनी आम्हा सगळ्यांना, एकेकट्याला गाठून, सांगायला सुरुवात केली.

त्यांचं सांगणं त्यातली वळणं काढून टाकली तर असं होतं. पृथ्वी गोल, त्यामुळे एवढ्या मोठ्या पाण्यालाही मधे फुगवटा असतो, आणि पलीकडच्या काठावरचे ठेंगणे दिवे त्या फुगवट्याआड लपलेले असतात. ते रोजच तिथे असतात, आपल्याला दिसत नाहीत. पण थंडी सरताना पाणी अजून गार असतं आणि वरची हवा तापलेली असते. वारा पडला की पाण्याला लागून गार, जाड हवा बसते, तिच्यावर गरम, पातळ हवा. उजेड जाड हवेकडे झुकतो. म्हणजे तो सरळ जायचं सोडून पृथ्वीसारखाच वाकतो आणि फुगवट्यावरून घसरत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. "बघ तहसीलदारबाई," ते मला म्हणाले, "उजेडसुद्धा सरळ जात नाही. मग मी कायकू जाऊ?"

हे पटवायला त्यांनी माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्याच लेकीच्या, मुलीचं बारसं निवडलं. आचाऱ्याने गुलाबजामसाठी केलेला पाक त्यांनी सकाळीच उचलला, नातवाच्या रिकाम्या माशांच्या टाकीत ओतला, त्यावर हल्लू हल्लू साधं पाणी सोडलं आणि "दुपारपर्यंत हिला कुणी हात लावू नका" म्हणून शेजारी खुर्ची टाकून बसले. पाळण्यात बाळाच्या कानात नाव सांगायची वेळ झाली तेव्हा दाजींनी मागच्या खोलीतून हाक मारली, "या, या, वाकला!" खिशातल्या छोट्या लेझरची लाल रेघ टाकीत एका बाजूने सरळ शिरत होती आणि पुढे जाऊन हळूच तळाकडे वळत होती, अगदी इंद्रधनुष्यासारखी. बघायला गेले फक्त मी. आणि मी काय बघितलं? मी मुंग्या बघितल्या. म्हणजे तेव्हा त्या नव्हत्या, पण पुढचे चार दिवस कुठून कुठे रांगा लागतील ते मला स्पष्ट दिसलं. मी फडकं आणायला गेले. एक माणूस उजेड वाकवून दाखवत होता आणि मी लादी पुसत होते. त्या दिवशी सगळ्यांनी गुलाबजाम कोरडे खाल्ले.

दिवे परत दोन-तीनदा दिसले म्हणे, पण दाजी एकटे असतानाच. त्यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. ते फोटो म्हणजे काळा चौकोन. भाचीने पुण्याहून लिहिलं, "बाबा, लेन्सवर बोट आहे." मी अंगठा टाकला. मी सगळ्यालाच अंगठा टाकते, म्हणजे ते काम संपतं.

मग गाडीचं सुरू झालं. दाजींची एक जुनी पांढरी गाडी आहे, तिच्यावर त्यांचा अक्काच्या खालोखाल जीव. आधी ती फाटकाच्या खांबाला घासली. "खांब सरकलाय," दाजी म्हणाले. मग वॉचमनची खुर्ची गेली. वॉचमन सुदैवाने चहाला गेला होता. मग एका संध्याकाळी डाव्या बाजूने आलेला सायकलवाला अगदी चाकाशी येऊन पडला. त्याला फक्त खरचटलं, पण दाजी घरी आल्यावर बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. "आला कुठून तो?" एवढंच म्हणत होते. हे काही हसण्यासारखं नव्हतं. भाचीचा मला फोन आला. "मावशी, बाबांना नसलेले दिवे दिसतात आणि असलेले खांब दिसत नाहीत. त्यांच्याकडून किल्ली काढून घे. तू यादीत टाक, म्हणजे होईलच." मी टाकलं. "गॅसची नळी बदलणे" आणि "मेथी" यांच्या मधे मी लिहिलं, "दाजी, किल्ली." एखाद्या माणसाचं फिरणं बंद करणं हे मेथी आणण्याइतकंच सोपं आहे असं मला खरोखर वाटलं होतं.

मी कुकटपल्लीला गेले. डोळ्याच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं तर दाजी म्हणाले, "तो माझा डोळा बघणार. मी काय बघतो ते त्याला काय कळणार?" किल्ली मागितली तर म्हणाले, "का? दिव्यांमुळंच ना? मला भास होतात असं पोरगी म्हणते ना?" मी म्हटलं, "हौ, तेही आहेच." अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "घेऊन जा बाई किल्ली. जमलं तर त्यांनाही ने." शेवटी मीच तोड काढली, आणि ती तेव्हा मला फार हुशारीची वाटली. आपण दोघं तीनदा सिंगूरला जायचं. पाण्यापलीकडे दिवे दिसले तर किल्ली दाजींची, परत कुणी विषय काढायचा नाही. नाही दिसले तर किल्ली माझ्या पर्समध्ये आणि दाजी मुकाट्याने डॉक्टरकडे. जाताना उजेडात गाडी त्यांनी चालवायची, येताना मी. दाजींनी टाळीसाठी हात पुढे केला. तो त्यांनी माझ्या हाताच्या जरा बाजूला मारला, आणि मला वाटलं, हा माणूस टाळीसुद्धा सरळ देत नाही.

पहिल्या खेपेला मी एवढं सामान घेतलं की वाटेत पेट्रोलपंपावरचा पोऱ्या विचारायला लागला, "घर बदलताय का अम्मा?" टॉर्च, जास्तीची टॉर्च, डासांची रॅकेट, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सतरंजी. दाजींनी फक्त दोन पाट घेतले होते, अक्काच्या स्वयंपाकघरातले, कारण डोळे पाण्याच्या जितके जवळ तितकी गंमत जास्त म्हणे. पन्नाशी उलटलेली, दोन पदव्या मिळवलेली मी, मांजरेच्या काठी पाटावर मांडी घालून दिव्यांची वाट बघत बसले. समोरून बघणाऱ्याला मी जेवायची वाट बघतेय असंच वाटलं असतं. वारा सुटला होता. "वाऱ्यानं सगळी हवा कालवली. आज नाही," दाजींनी निकाल दिला. दुसऱ्या खेपेला वारा नव्हता पण धुरकट होतं आणि डासांनी रॅकेटसकट मला खाल्लं. परत येताना मी गाडी चालवत मनातल्या मनात पुढचं सगळं ठरवून टाकलं: किल्ली, डॉक्टर, भाचीला फोन. दाजी बाजूला बसून मला वळणं सांगत होते.

तिसऱ्या खेपेला होळी तोंडावर आली होती. दिवसभर ऊन मी म्हणत होतं, पान हलत नव्हतं. काठावर पोचल्यावर दाजींनी मला चपला काढून पाण्यात उभं केलं. "कसं आहे?" "गारठलंय." "आणि वर?" वर तोंडाला झळ लागत होती. दाजी लग्नातल्या वरबापासारखे खूश झाले. अंधार पडला. आम्ही पाटांवर बसलो. मी दशम्या काढल्या. दाजींनी एक खाल्ली, दुसरी हातात घेऊन ते समोर बघत राहिले.

आणि मग ते दिवे आले. आधी एक, जिथे पाणी आणि आभाळ शिवलेलं असतं तिथे. मग त्याच्या बाजूला दुसरा, मग चारपाच एकदम, जणू कुणी एकेक दार उघडत चाललंय. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडं ठेवून गप्प बसले. दाजी आता ओरडतील, "बघ!" म्हणून माझ्या पाठीत धपाटा मारतील, म्हणून मी वाट बघत राहिले. दाजी म्हणाले, "आजपण काही खरं दिसत नाही." मी त्यांच्याकडे वळून बघितलं. ते अगदी नेमके त्या दिव्यांकडेच बघत होते. "हवा तर चांगली होती," ते म्हणाले. "चल, आवर. तू जिंकलीस."

आता मला सगळं एका दमात कळलं, जे कुणाही साध्या माणसाला सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं. खांब, खुर्ची, सायकलवाला, हवेत मारलेली टाळी. दिवे खरे होते आणि दाजींचे डोळे चालले होते. दोन्ही खरं होतं, आणि आम्ही घरच्यांनी एकाच्या खोटेपणावरून दुसरं ठरवायचं काढलं होतं. आणि मी, जिने ऑफिसात जन्मभर करारांचे मसुदे तपासले, तिने दिवे कुणाला दिसले पाहिजेत एवढंच ठरवायचं राहू दिलं होतं. मी गप्प राहिले तर किल्ली माझ्या पर्समध्ये पडणार होती. न भांडता, न रडारड करता. सगळ्यांचं भलं त्यातच होतं. मला फक्त दशम्यांचा डबा बंद करून उठायचं होतं. पण मग हा माणूस राहिलेलं आयुष्य आपल्याला भास होत होते असं समजून काढणार होता.

"दाजी," मी म्हटलं, "दिसतायत."

त्यांनी हातातली दशमी परत डब्यात ठेवली. मग म्हणाले, "माझं मन राखू नक्को. तुला जमत नाही ते."

"खरंच दिसतायत. पाचसहा आहेत. एक पिवळा, बाकीचे पांढरे. उंच ओढल्यासारखे दिसतात, मेणबत्त्यांसारखे. आणि त्या पिवळ्याच्या डोक्यावर अजून एक पिवळा आहे, उलटा. एकावर एक ठेवल्यासारखा."

दाजी पाटावरच माझ्याकडे वळले. "उलटा?" ते म्हणाले. "उलट्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथपर्यंत कुणी ऐकतच नाही माझं." मग त्यांनी परत समोर तोंड केलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. मान उजवीकडे केली, डावीकडे केली. मी बोटाने दाखवणार होते, पण हात मांडीवरच ठेवला. शेवटी ते म्हणाले, "मागच्या साली मला दिसला होता तो उलटा. अगदी साफ."

"पैज तुम्ही जिंकलात दाजी," मी म्हटलं. माझा आवाज ऑफिसातला राहिला नव्हता.

"हौ, जिंकलो." त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. "पोरगीला सांग, बाबांना भास होत नव्हते. आधी हे सांग. किल्लीचं मागून सांग."

मी त्याच क्रमाने सांगितलं. डॉक्टरांनी काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घातले तर टिकेल. डॉक्टरांना दाजींनी टाकीतल्या पाकाचा प्रयोग समजावून दिला आणि बाहेर बसलेले पेशंट कंटाळून गेले. अक्का दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी थेंब घालताना "डोळे मोठे करा, लग्नात माझ्याकडे बघत होता तसे" म्हणून त्यांना हसवायला लागली. मला मात्र अजूनही कधीकधी वाटतं की मी त्यांना हरवायला गेले होते, आणि त्यांनी जिंकून मला हरवलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही पाट गाडीत टाकले आणि मी गाडी सुरू केली. रस्ता थोडा वेळ पाण्याच्या कडेनेच जातो. दाजींनी काच खाली केली आणि विचारलं, "अजून आहेत?" मी गाडी थांबवून खाली वाकून बघितलं. ओळ विझली होती; एक पिवळा तेवढा राहिला होता.

"एक आहे."

"मग थांब जरा. तो जाऊ दे."

मी इंजिन बंद केलं. घरी पोचायला उशीर होणार होता, अक्काचा फोन दोनदा येऊन गेला होता, आणि मला कसलीच घाई वाटेना. दिवा मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा, पुन्हा मंद व्हायचा. दाजी हात बाहेर काढून हवा चाचपत होते. मग सुटलेली बारीकशी झुळूक मलाही कळली, आणि दिवा दिसेनासा झाला.

"गेला," मी म्हणाले.

"जातो कुठं? कुणीतरी बाई ओसरीवर तो लावून भाकऱ्या थापत बसली असेल. तिचं तिथं चालू आहे." त्यांनी काच वर केली. "चल आता, तुझी बहीण वाट बघत असेल. आणि पुढं डाव्या हाताला मोठा खड्डा आहे, हल्लू घे."

हेडलाइटच्या उजेडात मी डोळे ताणून बघितलं. मला काही दिसला नाही, पण मी गाडी हल्लू घेतली. खड्डा होता.